नक्कल हवी ती नावानिशी

जुन्या संगणकातील हार्डडिस्क काढून तिच्या जागी दुसरी बसविण्याचे काम अलीकडे शाळांतून, वाचनालयांतून आणि पुष्कळशा घरांतूनही निघू लागले आहे. १९९५ ते २००० या काळात घेतलेली ती यंत्रे आता पंचवीस-तीस वर्षांची झाली. हार्डडिस्क ही अखंड फिरणारी वस्तू. ती झिजते, कुरकुरते आणि एके दिवशी कायमची मुकी होते. तेव्हा तिच्यातील सारा ऐवज वेळीच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे हे शहाणपणाचेच आहे. परंतु हे उतरवून घेण्याचे काम ज्या बेफिकिरीने केले जाते, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे मला अवश्य वाटते. नक्कल पुरी होते, एकही फाईल गळत नाही, पडद्यावर कसली तक्रार उमटत नाही. आणि नवी डिस्क उघडून पाहावी तो त्या फायलींची नावे नाहीशी झालेली असतात. काम करणारा म्हणतो, ‘माल सगळा आला आहे, नावांचे एवढे काय?’ माझे म्हणणे असे की, नावे गेली तर माल आला असे म्हणताच येत नाही, आणि अशा नकलेला नक्कल म्हणूच नये.

नावे जातात कशी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या डॉस या प्रणालीत फाईलला नाव द्यावयाचे ते आठ अक्षरांचे, आणि पुढे टिंब देऊन तिचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे. याहून अधिक नाही. ही रीत डॉसची स्वतःची नव्हती. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या प्रणालीतून ती आली होती. आज हा नियम कंजूषपणाचा वाटतो. परंतु त्या काळच्या फ्लॉपीवर अवघे १६० किलोबाइट मावत, आणि तिच्या अनुक्रमणिकेत ६४ नोंदींपुरतीच जागा असे. प्रत्येक नोंद ३२ बाइटांची. त्यांतील अकरा बाइट नावाला, उरलेले तारीख, वेळ, आकार आणि फाईल डिस्कवर कोठून सुरू होते त्याचा पत्ता यांना. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात संसार थाटणाऱ्याने दिवाणखान्याची हौस करू नये, तशातलीच ही गोष्ट होती. मात्र बिऱ्हाड वाढले तरी सवय सुटली नाही, हे खरे. १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये २५५ अक्षरांचे नाव देता येऊ लागले होते. डॉसवाले आणखी बारा वर्षे अकरा अक्षरांत अंग चोरून राहिले.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ प्रसिद्ध झाली आणि हे बंधन सुटले. फाईलला २५५ अक्षरांपर्यंत नाव देता येऊ लागले. मध्ये मोकळी जागा सोडता येऊ लागली, लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी राहू लागली. आता अडचण अशी की, जगभरच्या कोट्यवधी डिस्कांवर ती ३२ बाइटांची नोंद ठाण मांडून बसलेली होती, आणि जुने कार्यक्रम तेवढीच नोंद वाचू शकत होते. मांडणी बदलावी तर जुने सारे बंद पडणार. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी यावर जी युक्ती काढली, ती खरोखर कौतुकास्पद आहे, आणि आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनी ती समजून घ्यावी अशी माझी शिफारस आहे.

त्यांनी प्रत्येक फाईलला दोन नावे दिली. आपल्या घरांतून हे नवे नाही. शाळेच्या पटावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे सारे साग्रसंगीत असते. घरात त्याला बंडू म्हणतात. तसेच येथे. पूर्ण नाव ‘प्रोग्राम फाइल्स’ असेल तर त्याचे घरगुती आखूड नाव ‘प्रोग्रा~१’: रोमन लिपीतील पहिली सहा अक्षरे, मग एक नागमोडी चिन्ह, मग एक अंक. हे आखूड नाव जुन्या ३२ बाइटांच्या नोंदीत बसविले. पूर्ण नावाचे तेरा-तेरा अक्षरांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला अनुक्रमणिकेतील एकेक वेगळी नोंद दिली. हे तुकडे आखूड नावाच्या नोंदीच्या अगदी आधी, शेवटचा तुकडा प्रथम अशा उलट क्रमाने ठेवले. या जादा नोंदींवर ‘केवळ वाचनीय’, ‘लपविलेली’, ‘प्रणालीची’ आणि ‘डिस्कचे शीर्षक’ असे चार शिक्के एकदम मारले. चारही शिक्के एकत्र असलेली नोंद जुन्या कार्यक्रमांनी कधी पाहिलीच नव्हती; ते तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जात. म्हणजे नवे नाव जुन्यांच्या डोळ्यांसमोर असून त्यांना दिसत नसे. शिवाय प्रत्येक तुकड्यात एक पडताळ्याचा अंक ठेवला, तो त्या आखूड नावावरून गणित करून काढलेला. आखूड नाव पुढे कोणी बदलले की हा अंक जुळेनासा होतो, आणि पूर्ण नावाचे तुकडे बेवारशी ठरतात.

या युक्तीच्या पेटंटांवरून पुढे न्यायालयीन वादही झाला. २००९ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने रस्ते दाखविणारी उपकरणे करणाऱ्या टॉमटॉम कंपनीवर दावा लावला, त्यात लांब नावांचीही पेटंटे होती. मार्चमध्ये दोघांत तडजोड झाली. फाईलला लांब नाव देणे ही वरवर पाहता किती क्षुल्लक बाब. परंतु तिच्यासाठी कंपन्या वकील उभे करीत होत्या, हे ‘नावांचे एवढे काय’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

युक्ती उत्तम, परंतु तिच्यातच या नावांचा घातही आहे. जे जुन्यांना दिसत नाही, ते जुने बरोबर कसे नेतील? डिस्क बदलणारा कारागीर पुष्कळदा संगणक डॉसच्या फ्लॉपीवरून सुरू करतो आणि डॉसच्याच नक्कल-आज्ञेने एका डिस्कवरील सर्व काही दुसरीवर उतरवितो. डॉसला पूर्ण नावे ठाऊकच नाहीत. ते ‘प्रोग्रा~१’ वाचते आणि ‘प्रोग्रा~१’ लिहिते; त्याच्या मते काम चोख झाले, म्हणून तेही तक्रार करीत नाही. लिनक्समध्येही जुनी डिस्क जोडताना ती ‘एमएसडॉस’ या प्रकाराने जोडली तर आखूड नावेच दिसतात, ‘व्हीफॅट’ या प्रकाराने जोडली तर पूर्ण नावे दिसतात. एका शब्दाचा काय तो फरक. सीडीची कथाही तीच: आयएसओ ९६६० या मूळ पद्धतीच्या पहिल्या पातळीवर आठ अधिक तीन हाच हिशेब होता, आणि जॉलिएट नावाची जोड दिली तरच ६४ अक्षरांपर्यंतची नावे सीडीवर जात. १९९५ पूर्वीची डिस्क-दुरुस्तीची साधने तर याहून घातक. ती त्या चार शिक्क्यांच्या नोंदींना बिघाड समजून झाडून काढीत. हा धोका मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक होता; म्हणून विंडोज ९५ च्या सीडीवर ‘एलएफएनबीके’ नावाचा एक लहानसा कार्यक्रम दिलेला होता. जुने साधन चालविण्यापूर्वी तो सर्व लांब नावे एका फाईलमध्ये नोंदवून ठेवी आणि काम झाल्यावर ती पुन्हा ज्याची त्याला लावून देई. सीडीच्या एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये तो पडून होता, आणि फारच थोड्यांना त्याचा पत्ता होता.

या फसवणुकीचा सर्वांत वाईट भाग असा की, नवी डिस्क घातलेले यंत्र सुरू होते. ‘विंडोज’ हे नाव रोमन लिपीत सात अक्षरांचे, ‘सिस्टीम’ सहांचे, ‘डेस्कटॉप’ सातांचे; ती आठांत बसतात, म्हणून ती वाचली. पडदा उजळतो, ओळखीचे चित्र दिसते, आणि मालक समाधानाने पैसे देऊन मोकळा होतो. पुढे ‘स्टार्ट’ दाबावे तो यादी रिकामी. कारण प्रणाली ‘स्टार्ट मेनू’ नावाचे फोल्डर शोधीत असते आणि डिस्कवर उरलेले असते ‘स्टार्टम~१’. ‘माय डॉक्युमेंट्स’ची तीच गत. मग दोष कोणाला? तर ‘जुनीच प्रणाली, आता तिच्यात राम राहिला नाही’ असे म्हणून सारे तिच्यावर ढकलावयाचे. वस्तुतः प्रणालीत यत्किंचितही बिघाड नसतो. तिची माणसे गर्दीत हरवलेली असतात आणि ती त्यांना नावाने हाका मारीत असते.

येथे आणखी एक पेच आहे, आणि तो लांब नावे सांभाळणाऱ्यांनाही चकवितो. ‘मायक्रोसॉफ्ट’ या शब्दाने सुरू होणारी तीन फोल्डरे असली, तर त्यांची आखूड नावे सहा समान अक्षरांपुढे ~१, ~२, ~३ अशी होतात. हा अंक कशावरून ठरतो? केवळ आधी कोण आला यावरून. नव्या डिस्कवर ती वेगळ्या क्रमाने उतरविली, तर पहिल्याचा अंक तिसऱ्याला जातो. आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या मोठ्या नोंदवहीत, पुष्कळ कार्यक्रमांनी आपला पत्ता आखूड नावानेच लिहून ठेवलेला असतो. पत्ता जागच्या जागी, पण त्या घरात आता दुसरेच कुटुंब! तेव्हा पूर्ण नाव राखले म्हणजे झाले असे नाही. पटावरचे नाव आणि घरातले नाव, दोन्ही जशीच्या तशी आणि ज्याची त्यालाच लागली पाहिजेत.

यावर कोणी म्हणेल की, प्रणाली गेली तर जाऊ द्या. फायली उघडून पाहू आणि नवी नावे देऊ. चाळीस फायली असतील तर हे शक्य आहे. चार हजार असतील तर कोण बसणार? आणि उघडून पाहिल्याने नाव कळतेच असेही नाही. त्या काळच्या विंडोजमध्ये देवनागरीत नावे देण्याची सोय नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींत ती विंडोज २००० पासून आली. म्हणून आपल्या लोकांनी मराठी नावेच, परंतु रोमन अक्षरांत लिहिली. समजा एका घरी ‘आजीची पत्रे १९९८’, ‘आजीची पत्रे १९९९’ अशा फायली होत्या. आखूड नावांत त्या ‘आजीच~१’, ‘आजीच~२’ झाल्या. येथील दोनाचा ९९ शी काहीएक संबंध नाही. १९९९ ची पत्रे आधी टंकलिखित केली असतील तर त्यांचा अंक एक असेल. अशा फायली नवाच्या पुढे गेल्या की दोन आकडी अंकाला जागा करून देण्यासाठी नावाचे आणखी एक अक्षर गळते. पत्रे तरी वाचून वर्ष लावता येईल. छायाचित्रांचे काय?

महाराष्ट्राबाहेरील एका शहरातील जुन्या मराठी संस्थेत घडलेली हकीकत मी स्वतः जवळून पाहिली आहे. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्याकडे १९५० नंतरच्या नाट्यप्रयोगांची छायाचित्रे होती. १९९९ साली एका निवृत्त सभासदांनी ती स्कॅन करून संगणकात घातली. हे काम करताना ते हयात असलेल्या वृद्ध नटनट्यांकडे छायाचित्रे घेऊन जात, डावीकडून उजवीकडे कोण उभे आहे ते विचारून घेत, आणि घरी येऊन फाईलला तेच नाव देत: नाटक, वर्ष, भूमिका, व्यक्ती. ‘एकच प्याला’च्या एका प्रयोगाची पंधरा छायाचित्रे, पंधरा लांबलचक नावे. निराळी वही त्यांनी ठेवली नाही. नावातच सारे आहे, वही कशाला, असे ते म्हणत, आणि त्यांचे म्हणणे त्या वेळी योग्यच होते. पुढे ते वारले. काही वर्षांनी संगणक कुरकुरू लागला. कारागिराने एका दुपारी डिस्क बदलली, जुनी पुसून दुसऱ्या कोणाच्या यंत्रात घातली. राहिले ते ‘एकचप~१’, ‘एकचप~२’ आणि पुढची रांग. चित्रे स्वच्छ आहेत, एकाही ठिपक्याची हानी नाही. सिंधूच्या वेषातील ती तरुणी कोण, तळीराम झालेले गृहस्थ कोणाचे आजोबा, हे सांगणारी माणसे आता फारशी उरली नाहीत. काहींची नावे विचारपूस करून लागली. निम्म्याहून अधिक छायाचित्रे आज बिननावाची आहेत. दोष त्या कारागिराचा एकट्याचा नव्हे. त्याला नावे सांभाळावयास कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्याने तपासून दाखविले नाही तरी कोणी विचारले नाही.

कागदी छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ असते. ती पुसून टाकून कोणी म्हणेल का, की छायाचित्र तर शाबूत आहे? पेशव्यांच्या दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमालाची चिठ्ठी गेली तर आतला कागद नष्ट होत नाही, परंतु तो कोणाच्या हाती लागावयाचा तर नशिबानेच. आपल्याकडच्या पोथ्या उतरविणारे लेखकही ही गोष्ट जाणून होते. पोथीच्या शेवटी कोणत्या शके, कोणत्या गावी, कोणासाठी ही प्रत केली, हे ते आवर्जून लिहीत, आणि पुढचा नक्कलकार पुष्कळदा ती ओळसुद्धा उतरवून घेई. आपण यंत्राच्या हाती काम दिले, त्याबरोबर ही काळजीही सोडून दिली.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे, आणि तो तरुणांकडून येतो. ते विचारतात, ‘विंडोज ९८ ची मदत मायक्रोसॉफ्टने ११ जुलै २००६ ला बंद केली, ती प्रणाली या डिस्कवरून त्या डिस्कवर वाहून नेण्याचा खटाटोप हवाच कशाला? फायली घ्या आणि बाकीचे सोडा.’ इंग्रजी मजकुरापुरते हे बरोबर असेल. आपल्या मराठी मजकुराचे तसे नाही. युनिकोड घरोघरी पोहोचण्यापूर्वी आपण जे मराठी टंकलिखित केले, ते श्री-लिपीसारख्या कार्यक्रमांतील निरनिराळ्या फाँटांत. प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी. तो फाँट आणि तो कार्यक्रम नसेल, तर फाईल उघडल्यावर दिसतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा. आपल्या शाळांची जुनी वार्षिके, मंडळांची इतिवृत्ते, कोणाच्या अप्रकाशित कविता, कुटुंबांच्या वंशावळी, असे कितीतरी या मांडणीत अडकून पडले आहे. ते वाचण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ज्या प्रणालीत ते लिहिले गेले, ती प्रणाली, तो कार्यक्रम आणि तो फाँट, सारे मिळून जिवंत ठेवणे. म्हणून येथे प्रणालीचीच नक्कल हवी, आणि ती चालती हवी. आणि चालती हवी तर नावे हवीतच.

आता उपाय. माझ्या मते, जुन्या डिस्कला हात लावण्यापूर्वी तिची क्षेत्रशः नक्कल घ्यावी. म्हणजे फाईलवार न जाता, पहिल्या क्षेत्रापासून शेवटच्यापर्यंत जे बाइट असतील ते तसेच्या तसे एका मोठ्या फाईलमध्ये उतरवावेत. हिला डिस्कची इमेज म्हणतात. येथे नकलकार नावे वाचतच नाही. त्यामुळे त्याला ती गाळण्याची संधीही मिळत नाही. आखूड नाव, लांब नावाचे उलटे तुकडे, पडताळ्याचे अंक, यंत्र सुरू करणारे पहिले क्षेत्र, सारे आपापल्या जागी येते. लिनक्समध्ये ‘डीडी’ ही आज्ञा हेच करते; डिस्क मोडकळीस आली असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ वापरावी, कारण ती वाचता येणारा भाग आधी उतरवून घेते आणि अडलेल्या जागांकडे मागाहून वळते. जुनी डिस्क आजच्या संगणकाला यूएसबीने जोडण्याचा अडॅप्टर बाजारात मिळतो. त्या काळच्या डिस्का दोन-चार गिगाबाइटांच्या. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीला तर दोन गिगाबाइटांहून मोठा विभाग करताच येत नसे. आज खिशातल्या पेनड्राइव्हवर अशा कित्येक डिस्का मावतील. इमेज एकदा हाती आली की ती दुसऱ्या डिस्कवर उतरविता येते, किंवा आजच्या संगणकातील आभासी यंत्रात घालून जुनी प्रणाली खिडकीत चालविताही येते. एकच सावधगिरी हवी: आज्ञेत उगम कोणता आणि गंतव्य कोणते हे दोनदा वाचून पाहावे. येथे उलट झाले तर कोरी डिस्क भरलेलीवर उमटते आणि काहीच उरत नाही.

ज्याला हे जमणार नाही, परंतु ज्याचे जुने विंडोज अद्याप चालते आहे, त्याने निदान डॉसच्या फ्लॉपीकडे वळू नये. नवी डिस्क दुसरी म्हणून जोडावी आणि विंडोज चालू असताना तिच्याच आतून ‘एक्सकॉपी३२’ चालवावी. लपविलेल्या फायली, रिकामी फोल्डरे आणि फायलींचे गुणधर्म बरोबर घेण्याच्या सूचना तिला द्याव्यात. लांब नावे सुखरूप जातात. आखूड नावे मात्र नव्याने, नकलेच्या क्रमाने तयार होतात, आणि वर सांगितलेला अंकांचा घोटाळा येथे संभवतो. म्हणून हा मार्ग मी दुय्यम समजतो. टार किंवा झिप यांच्या गठ्ठ्यात बांधून नेले तरी हेच: गठ्ठ्यात लांब नाव राहते, आखूड नाव वाटेत गळते.

विद्यार्थ्यांना वाटेल की ही सारी वडीलधाऱ्यांच्या काळाची दुखणी. आता नावे हवी तेवढी लांब आणि देवनागरीत देता येतात. अंशतः खरे आहे. परंतु एक हिशेब मांडून पाहा. लिनक्समधील ‘एक्स्ट४’ या मांडणीत फाईलच्या नावाला २५५ अक्षरे नव्हे, २५५ बाइट मिळतात. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ हे नाव आपण नऊ अक्षरांचे म्हणू. त्यात चिन्हे अठरा, मधली मोकळी जागा एक, मिळून ५५ बाइट. म्हणजे मराठी माणसाच्या वाट्याला तेथे ८५ चिन्हेच येतात. पेनड्राइव्हवर शंभर चिन्हांचे मराठी नाव खुशाल राहते, कारण तेथील मोजणीत एका चिन्हाला एकच घर लागते. तीच फाईल लिनक्सच्या डिस्कवर नेऊ गेलो की नक्कल अडते, आणि मग कोणीतरी घाईने नाव तोडतो. आपल्यापैकी जे हैदराबादकडे किंवा कर्नाटकात शिकले, त्यांना आडनावाची आद्याक्षरे करून घेणाऱ्या सरकारी रकान्यांचा अनुभव आहेच. नाव रकान्यात बसत नाही तेव्हा रकान्याकडे बोट दाखविण्याऐवजी नावालाच कात्री लावण्याची ही सवय संगणकाच्याही आधीची आहे.

माझी सूचना अशी की, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत नववीच्या मुलामुलींनी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम हाती घ्यावे. शाळेत आणि ओळखीच्या घरांत जुने संगणक कोठे पडून आहेत याची यादी करावी, एकेका डिस्कची इमेज घ्यावी, आणि मालकाच्या परवानगीने फायलींच्या पूर्ण नावांची यादी छापून त्याच्याच हाती द्यावी. नक्कल घेतल्यावर ती तपासण्याचीही रीत त्यांनी शिकावी: मूळ डिस्क आणि इमेज या दोहोंचा पडताळा-अंक काढून ते जुळतात का पाहावे, पुढे इमेज उघडून कोणत्याही दहा फोल्डरांत डोकावावे, आणि एका नावात जरी अनपेक्षित नागमोडी चिन्ह दिसले तरी थांबावे. कारागिराकडून काम करून घेणाऱ्यानेही पैसे देण्यापूर्वी एवढे पाहावयास हरकत नाही. त्याला दोन मिनिटे लागतात. जुनी डिस्क मात्र पुसू नये आणि भंगारात देऊ नये, निदान वर्षभर तरी. ती कापडात गुंडाळून ठेवावी आणि तिच्यावर चिठ्ठी लावावी. कोणत्या संगणकातील, कोणत्या सालची, नक्कल कोणी व कोणत्या तारखेस घेतली आणि ती कोठे ठेवली आहे, एवढे त्या चिठ्ठीवर शाईने लिहिलेले असले म्हणजे झाले.